दुसरा चमचा

४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. पहिल्याच ओळीत सांगून टाकते: जेवले. आता पुढचं शांतपणे वाच.

फोन करायचा नाही असं ठरवून निघाले ते फार बरं केलं. फोनवर आपलं गाडं "जेवलीस का?"च्या पुढे कधी गेलंय? मी "हो" म्हणणार, तू "काय?" विचारणार, मी सांगणार, तू "एवढंच?" म्हणणार, आणि मग कोणीतरी फोन आपटणार. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. भारी सुख आहे.

खोली एका खानावळीच्या वर आहे. एक पलंग, एक खुर्ची, आणि एक कपाट ज्याचं दार लागत नाही, म्हणून मी त्याच्या फटीत मोजा कोंबून ठेवलाय. खिडकीखाली तळं. आपल्या बटणांच्या डब्याच्या झाकणावर आहे ना, बोट आणि मागे डोंगर, अगदी तसलं. लहानपणी तू बटणं शोधायला बसलीस की झाकण माझ्याकडे द्यायचीस आणि मी त्या बोटीत जाऊन बसायचे. आता खरंच बसून आले. सकाळी मात्र तळं नसतंच, नुसतं पांढरं असतं. नऊच्या सुमारास त्या पांढऱ्यातून आधी घंटा येते, मग बोट येते, मग हळूहळू पाणी येतं. मी खिडकीत बसून हे सगळं येऊ देते. घड्याळ बॅगेच्या तळाशी टाकलंय.

धक्क्यापासून वर गावात जायला एकशे चौदा पायऱ्या आहेत. काल चढले आणि वर जाऊन मागे वळून बघितलं, की हे चढलं कोण? मागच्या वर्षी आपल्या दुकानाच्या तीन पायऱ्यांवर थांबून मी म्हणायचे, "थांब, जरा काचेतलं कापड बघते." कापड कसलं बघतेय, दम खात होते. न चावता खाता येणारं तेवढंच एक होतं.

भाऊजींना सांग, त्यांनी इथल्या भाषेत लिहून दिलेलं कार्ड म्हणजे जादू आहे. पहिल्या दिवशी मालकिणीच्या हातात दिलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, परत वाचलं, आणि छातीवर हात ठेवून आत पळाली. तिच्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि चक्क डोक्यावरची टोपी काढली! मग माझ्या पाठीशी उशी आली, पायाखाली पाट आला, आणि लहानशा ताटलीत माशाचा एक तुकडा, मऊ शिजलेलं गाजर, अर्धं अंडं. शिवाय पेलाभर दूध. इतकी समज मी आपल्या दवाखान्यातही पाहिली नव्हती.

घास मोजले. बारा झाले. तू जन्मभर "चार घास खाऊन घे" म्हणत आलीस, तुझ्या चाराच्या तिप्पट झाले, तेव्हा तक्रारीला जागा नाही. एकेक घास तीसदा चावायचा तर माशाला किती चवी असतात, विचारू नकोस. आधी लिंबू, मग मीठ, मग थोडा धूर, आणि अगदी शेवटी गोड. आठव्या घासाला कळलं की मी डोळे मिटून बसलेय.

आता खरं लिहिते. तू सगळ्यांना सांगितलंस की मी हवापालटाला गेलेय. ठीक आहे. पण मी आले ती त्या टेबलामुळे. अकरा महिन्यांपूर्वी माझं पोट कापून केळ्याएवढं केलं, ते मला जड गेलं नाही. पण आठ महिने झाले, तू माझ्यासमोर जेवायला बसलेली नाहीस. आपल्या जेवणाच्या टेबलावर कापडाचे तागे आणि माझं ताट वर माझ्या खोलीत. विचारलं तर म्हणतेस, दुकानात उजेड कमी पडतो. त्रेचाळीस वर्षं आपण समोरासमोर जेवलो, ताई. मी परत येईन तेव्हा ते टेबल असंच असेल, तर मला नाही वाटत मला त्या घरात राहता येईल. धक्क्यावर एका शिंप्याच्या दुकानात पाटी आहे, काजं करायला माणूस हवंय. भाषा येत नाही, पण काजं सगळीकडे सारखीच असतात.

तुझी
गब्बू


११ मार्च

चि. गब्बूस,

अनेक आशीर्वाद. गब्बू लिहिलं खरं, पण आता तुला कसलं गब्बू म्हणायचं! बोटीवर चढताना मागून बघितलं आणि मला वाटलं, ही कोण शेलाटी बाई आपली बॅग घेऊन निघाली? ओरडणारच होते.

बारा घास म्हणे. बारा घासांत माणसाचं काय... बरं, नाही बोलत. कागदावर मला मध्ये बोलता येत नाही, नाही का.

पण ते दूध कशाला? जेवताना काही प्यायचं नाही असं तुझ्या आहारवाल्या बाईंनी सांगितलंय ना? अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतर नाही. गोळ्या सकाळच्या दोन, दुपारची एक. आधी मासा-अंडं, मग भाजी, मग जागा उरली तर बाकीचं. गोड म्हणजे विष. मला सगळं पाठ आहे, तुझ्यापेक्षा जास्त.

इकडे शाळेच्या बँडचे बावीस कोट आलेत, सगळ्यांना सोनेरी बटणं. काजं करायला तू नाहीस. मी केली तर माझी काजं झोपाळलेल्या डोळ्यांसारखी होतात, एक उघडं, एक मिटलेलं. त्या धक्क्यावरच्या पाटीकडे अजिबात बघायचं नाही. काजं सगळीकडे सारखी नसतात. लोक आपल्याकडे येतात ते तुझ्या काजांसाठी, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पत्र आहे म्हणून सांगितलं, डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

टेबलाचं म्हणशील तर कारण उजेडाचंच आहे. उगाच राईचा पर्वत करू नकोस. मी अगदी झकास जेवते. काल दोनदा वाढून घेतलं.

तुझा निळा कोट घालतेस ना? गार वारा असेल. अंगाला बरोबर बसतो ना? बसायलाच हवा. त्रेचाळीस वर्षं तुझ्या प्रत्येक कपड्याच्या शिवणीत मी दोन बोटं जास्तीचं कापड ठेवत आले, उद्या लागलं तर उसवून सोडता यावं म्हणून. आणि तू आरशासमोर उभी राहून म्हणालीस, "आता माया नको ठेवूस ताई, काप सगळी." बरं बाई, म्हटलं. शिंप्यानं गिऱ्हाइकाचं ऐकायचं असतं.

हे आशीर्वाद सांगतात. कार्डाची तारीफ ऐकून सकाळपासून कॉलर ताठ करून फिरतायत. तरुणपणी दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकले होते, त्याचं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चीज झालं म्हणे.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. जेवले.

माया हा शब्द मी कापडाचा म्हणून वापरला होता गं. तू तो कुठे नेऊन ठेवलास! शिवणीत जागा राहिली की मला वाटतं, जुनी मी तिथे दबा धरून बसलीय आणि टाका उसवला की परत येणार. म्हणून म्हटलं, काप. तुला नाही म्हटलं.

इथले दिवस एकमेकांत मिसळतात. परवा की तेरवा, पायऱ्यांवर बसून एक पेअर खाल्लं. अर्धंच. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं, मग मांडीवर आलं, तेव्हा कुठे ते अर्धं संपलं. उरलेलं अर्धं रुमालात बांधून खोलीत आणलं आणि संध्याकाळी परत तेवढंच सुख मिळालं. आधीच्या जन्मी मी चार पेअर खाल्ली असती आणि एकही आठवलं नसतं.

पण या गावच्या रिती विचित्र आहेत. भाऊजींना विचार. खानावळीत माझं ताट मध्ये ठेवतात आणि दोन्ही बाजूंना एकेक चमचा. मी उजव्यानं जेवते. डावा तसाच स्वच्छ राहतो, तरी मालकीण दोन्ही नेऊन धुते. कॉफी मागितली तर बोट हलवून "नाही" म्हणते. मासेवाली मला रांगेतून पुढे बोलावते. धोबीण भेटली की माझ्या पोटावर हात ठेवून डोळे मिटते. म्हटलं, या देशात पोटाच्या ऑपरेशनचं केवढं कौतुक!

मालकिणीचे वडील रोज माझ्या पोटाकडे बोट दाखवून, मग स्वतःची बोटं उघडमीट करून विचारतात, किती? मी आधी दहा बोटं दाखवते, मग दोन. बारा. म्हातारा मटकन खाली बसतो. मला वाटतं त्यांनाही तुझ्यासारखं बारा घास कमीच वाटत असावेत.

काल मालकिणीनं स्वतः विणलेल्या इवल्या इवल्या पांढऱ्या पिशव्या दिल्या, दोन. उकडलेलं अंडं गरम राहावं म्हणून असणार. आज सकाळी मी त्या अंड्यांना घातल्या. बरोब्बर बसल्या! मालकीण नुसती बघत राहिली.

एक चूकही केली, रागावू नकोस. मधाचा केक पुढे आला आणि तीन चमचे खाल्ला. पाच मिनिटांत घाम, छातीत धडधड, हातपाय कापसाचे. मालकिणीनं मला आतल्या बाकावर झोपवलं आणि हात धरून काहीतरी गुणगुणत बसली. वर छताला तळ्याच्या पाण्याचा उजेड हलत होता. मला वाटलं मी डब्याच्या झाकणावरच्या त्या बोटीत झोपलेय आणि बोट कुठेच जात नाहीये. वीस मिनिटांत ठीक झाले. केकला आता लांबून नमस्कार.

ताई, लहानपणापासून मी जेवायला बसले की लोक माझं ताट बघायचे. लग्नात, सहलीत, सगळीकडे. तोंडानं "घ्या हो अजून" आणि डोळ्यांनी मोजायचे. इथेही सगळे माझं ताट बघतात, पण खूश होऊन बघतात! मी घास घेतला की मासेवालीसुद्धा मान डोलावते. एवढ्या आनंदानं माझ्याकडे खाताना फक्त तूच बघायचीस. तू बघायचं सोडलंस.

शिंप्याच्या दुकानासमोरून रोज जाते. पाटी आहे अजून.

गब्बू


२३ मार्च

चि. गब्बूस,

आशीर्वाद. आधी बस. बसलीस? पाठीशी ती उशीही घे, तुला तिची गरज लागणार आहे.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवत होते. दोन चमचे म्हटल्यावर हे जरा चुळबुळले. पोटावर हात म्हटल्यावर पांढरे पडले. अंड्यांच्या पिशव्यांशी आले तेव्हा उठून कपाटातून तुझ्या कार्डाचा कच्चा कागद काढला, शब्दकोश काढला, आणि खुर्चीत बसले ते बसलेच. शेवटी म्हणाले, "अगं, एक शब्द मागेपुढे झाला."

ह्यांना लिहायचं होतं, "माझं पोट लहान आहे, थोडं थोडं वाढा." ह्यांनी लिहिलं, "माझ्या पोटात लहान आहे, थोडं थोडं वाढा."

गब्बे, तुला दिवस गेलेत! एकोणपन्नासाव्या वर्षी! आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला तू रोज सांगतेयस की बारा महिने झाले! तो खाली बसणार नाही तर काय करणार? ती पिशवी नव्हे गं बाई, ते बाळाचे मोजे आहेत. आणि तू ते अंड्याला घातलेस! दोन चमचे कसले रीत म्हणून? तू दोन जिवांची म्हणून एक तुझा, एक त्याचा.

हसून हसून माझ्या पोटात कळा आल्या. कितीतरी दिवसांनी अशी हसले. हे तोंड लपवून मागच्या खोलीत बसलेत. कॉलर उतरली.

आता मुकाट्यानं त्या लोकांना खरं सांगून टाक. कोणाच्या चांगुलपणावर असं फुकट उशीला टेकून बसू नये. आणि केक? तीन चमचे? तू परत ये, मग बघते तुझ्याकडे.

कोट सतरा झाले, पाच राहिले. टेबलावर पसारा आहे तो त्यांचाच.

ताई

(त्याच पत्राच्या समासात, वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात)

तुझी ताई पाकिटाला खळ करायला आत गेलीय तेवढ्यात लिहितो. ती दोनदा वाढून घेत नाही. ती बसतच नाही. ओट्याशी उभी राहून, पाठ करून, सकाळचं उरलेलं काहीतरी तोंडात टाकते. विचारलं की म्हणते, टेबलावर कापड आहे. तिचा झगा कमरेत चार बोटं सैल झालाय. सगळ्या गावाची मापं घेते, स्वतःचं घेत नाही. दुकानातली ट्यूब चांगली आहे, मी गेल्या वर्षीच बदलली होती. तूच विचार तिला. कार्डाबद्दल शरमिंदा आहे. — भाऊजी


३० मार्च

ती. ताईस,

जेवले. आणि रडलेही, पण ते नंतर सांगते.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस गप्प राहिले. खोटं बोलत नाही, मला सांगायचंच नव्हतं. मी उशीला टेकून बसले, दूध बाजूला सारून मासा खाल्ला, धोबिणीला पोटावर हात ठेवू दिला. वाटलं, अजून तीन आठवडे आहेत, राहू दे की. कोणीतरी येणार आहे म्हणून सगळं गाव माझ्यावर खूश आहे. कोणी येणार नाहीये हे फक्त मला माहीत. धुक्यात खिडकीत बसले की कधी कधी मलाही वाटायचं, कोणीतरी येतंय.

तिसऱ्या दिवशी मोजे धुऊन, घडी करून खाली घेऊन गेले. भाऊजींच्याच कार्डाच्या मागे चित्र काढलं. मोठ्ठं पोट, बाण, कात्री, केळ्याएवढं पोट. मग पाळणा काढला आणि त्यावर फुली मारली. मालकिणीनं बघितलं. कात्रीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसली आणि पदर नाही म्हणून ॲप्रन डोळ्यांना लावून हसायला लागली. म्हातारबाबांना ओरडून सांगितलं. ते हसले नाहीत. ते बारा बोटं मोजत होते. मग त्यांना एकदम उलगडलं आणि त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मांजर उठून गेलं! मोजे मात्र परत घेतले नाहीत. अंड्यांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले. दूध नव्हतं. कॉफीला परवानगी मिळाली, जेवणानंतर अर्ध्या तासानं. उशी होती. आणि ताटाच्या दोन्ही बाजूंना चमचे होते! म्हटलं, हा कशाला आता? मालकीण सावकाश, मला कळेल असं बोलली. एवढंच, की दुसरा कोणाचा ते आता तू सांग.

मला बहिणीचा शब्द येतो. म्हटलं, बहिणीचा. तिने तो चमचा उचलला, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि गेली.

ताई, बारातले सात घास मी रडत खाल्ले. मीठ लागलं नाही वरून.

आता तू सांग. तू ओट्याशी उभी राहून का खातेस? भाऊजींना बोलू नकोस, त्यांनी समासात लिहिलं म्हणून मला कळलं. मी आठ महिने समजत होते की तू माझ्यावर चिडलीयस. मी तुझ्या हातचं पोटभर खायचं सोडलं म्हणून तू मला टेबलावरून उठवलंस. वर खोलीत तो ट्रे आला की मला दवाखान्यातच असल्यासारखं वाटायचं. पण चिडलेलं माणूस स्वतः उपाशी कशाला राहील? मला काही समजेनासं झालंय.

काल शिंप्याच्या दुकानात शिरले. त्यानं खुणेनं एक काज करायला सांगितलं. केलं. त्यानं भिंग लावून बघितलं आणि पाटी काढून माझ्या हातात दिली. मी हो म्हटलेलं नाही. पाटी माझ्या खोलीत आहे, कपाटाच्या दाराला टेकवून ठेवलीय. मला खरं काय ते लिही, म्हणजे तिचं काय करायचं ते ठरवेन.

गब्बू


५ एप्रिल

चि. गब्बूस,

ह्यांच्या नावानं बोटं मोडून झाली. समासात लिहितात! म्हणूनच त्या दिवशी म्हणाले, खळ तूच कर, मला जमत नाही, आणि मला आत पाठवलं.

खरं हवंय ना? घे.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची आणि मी चौदाची. मला काय येत होतं? तू रडलीस की पाव दिला. पडलीस की साखर दिली. शाळेत तुला कोणी काही बोललं की त्या दिवशी जास्त वाढलं. तू खायला लागलीस की रडं थांबायचं, आणि मला वाटायचं, चला, आज जमलं आपल्याला. दुसरा उपायच माहीत नव्हता गं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तुला विचारलं, वजन कधीपासून? मी दाराबाहेर उभी होते. तू म्हणालीस, "लहानपणापासून. ताई खाऊ घालायची." त्यांनी मग सांगितलं, गुडघे गेले, साखर वाढली, हृदयावर ताण आला. मी बाहेर उभ्या उभ्या सगळं माझ्या नावावर लिहून घेतलं. माझ्या लाडक्या बहिणीला मीच घासाघासानं आजारी पाडलं.

घरी आलीस. आपण टेबलावर बसलो. तुझ्या वाटीत तीन चमचे आणि माझ्या ताटात डोंगर. तुझं संपलं, तू चमचा खाली ठेवलास आणि शहाण्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून माझ्या ताटाकडे बघत बसलीस. मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू यायला लागला. लाज वाटली गब्बू, मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवळजवळ तीन महिने कशीबशी बसले. मग तू म्हणालीस, माया काप. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर तागा टाकला. तुझ्यावर चिडून नव्हे. तुझ्यासमोर खायचं तोंड मला उरलं नव्हतं.

आणि आता आणखी एक. कोटाची माया मी कापली नाही. कात्री घेतली होती हातात. चालली नाही. आत दुमडून बारीक टाचून टाकली. डाव्या कुशीतलं अस्तर उसवून बघ. तू परत जाड व्हावीस म्हणून नाही ठेवली, देवाशपथ. मला तसा कपडा शिवताच येत नाही, तुझ्यासाठी तर नाहीच.

तिथे राहू नकोस. तू राहिलीस तर मी काय करू ते मला ठाऊक नाही. पाटी परत देऊन ये.

ताई


११ एप्रिल

ती. ताईस,

जेवले. मग कात्री घेऊन खिडकीत बसले.

उसवलं. दोन बोटं कुठली, चांगली तीन बोटं आहे! मला महिनाभर वाटत होतं, या कोटाच्या डाव्या कुशीत एवढी ऊब कशी? तशीच आत दुमडली आणि परत टाचली. माझे टाके तुझ्यापेक्षा बारीक आहेत, येऊन दाखवते.

आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. दाराबाहेर उभं राहून ऐकलं की अर्धंच ऐकू येतं. मी डॉक्टरांना म्हटलं होतं, "ताई फार मायेनं खाऊ घालायची, नाहीतर मी जगले नसते." आई गेल्यावर मी बोलायची थांबले होते, आठवतं? तुझ्या घासांनी मला परत बोलतं केलं. त्या वजनात बाकी पुष्कळ काही होतं, ते माझं होतं. तुझं होतं ते मला लागलं आणि संपलं.

आणि मी तुझ्या ताटाकडे का बघत होते? वेडे, मी जेवत होते! माझं पोट बारा घासांत भरतं, पण जेवण थोडंच संपतं? तू भात कालवतेस, हाडं बाजूला काढतेस, शेवटी ताट बोटानं पुसतेस, ते सगळं होईपर्यंत मीही जेवत असते. तू उठून गेलीस आणि आठ महिने माझं जेवण अर्धं राहिलं. इथे मालकीण माझ्यासमोर बसून जेवायला लागली तेव्हा कळलं. ती जेवत होती आणि माझं पोट भरत होतं.

आज बोटीआधी धुकं फार होतं. घंटा ऐकू आली आणि कितीतरी वेळ बोट आलीच नाही. मला वाटलं, त्यात तू असशील. मी खाली धक्क्यावर जाऊन उभीसुद्धा राहिले. मासे उतरले, टपाल उतरलं, तू नव्हतीस. मग म्हटलं, आपणच जावं.

पाटी परत दिली. शिंपी नाराज झाला. तेवीस तारखेच्या बोटीवर जागा धरलीय. मोजे बरोबर आणतेय, तिथल्या अंड्यांना. टेबलाचं काय ते तू बघ. मी आता त्याबद्दल लिहिणार नाही.

गब्बू


१६ एप्रिल

चि. गब्बूस,

हेच नाव राहणार. तू मावलीस तर मावलीस, नाही तर सैल वापर.

बावीसच्या बावीस कोट गेले. टेबल मोकळं केलं. फटींतून एकोणतीस टाचण्या निघाल्या आणि तुझी एक गोळी, दुपारची, जी तू घेतली म्हणून सांगितलं होतंस.

काल दुपारी मधोमध एक ताट मांडलं. एक इकडे, एक तिकडे चमचा ठेवला. खुर्ची ओढून बसले आणि जेवले. सावकाश, ताट पुसेपर्यंत. ह्यांनी विचारलं, "हा दुसरा चमचा कोणाचा?"

म्हटलं, "दिसत नाही का? मी दोन जिवांची आहे."

सत्तावन्नाव्या वर्षी! ह्यांना असा ठसका लागला की पाठीवर थापा माराव्या लागल्या.

चमचा धुऊन परत तिथेच ठेवलाय. बोटीवर काही खात बसू नकोस. जन्मात पहिल्यांदा सांगतेय, नीट वाच: उपाशी ये.

ताई